मराठवाड्याच्या आकाशात संशोधन-विमान : मोहिमेची आखणी कशी करावी

ढग, हवेतले कण किंवा बाष्प विमानातून मोजायची मोहीम साधारण सहा ते आठ आठवडे चालते. त्यात विमान प्रत्यक्ष हवेत असतं जेमतेम पन्नास तास. बाकीचा वेळ, आणि त्याआधीचं अख्खं वर्ष, परवानग्या, वजनं, वीज, इंधन, सिलिंडर, गाड्या आणि वाट पाहणं यांत जातो. नव्याने चमूत आलेल्या संशोधन-सहायकाला किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याला नेमकं याच कामाला जुंपतात. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

मराठवाड्याला हे काम नवं नाही. २०१५ आणि २०१९ मध्ये राज्य सरकारच्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून विमानं उडाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने (आयआयटीएम) २००९ मध्ये सुरू केलेल्या, ढग आणि कण विमानातून मोजणाऱ्या ‘कैपीक्स’ मोहिमेचा २०१८-१९ चा टप्पा शेजारच्या सोलापुरातून झाला. पर्जन्यछायेतले ढग विमानातून मोजायचे तर हा पट्टा टाळून चालत नाही.

बारा ते अठरा महिने आधी : प्रश्नाचे तास करा

‘मराठवाड्यात पाऊस कमी का?’ या प्रश्नावर विमान उडवता येत नाही. ‘ढगाच्या तळाखाली किती कण आहेत, आणि तळापासून दीड-दोन किलोमीटर वर थेंब किती मोठे झालेत?’ यावर येतं, कारण यातून उंची, अंतर आणि वेळ निघते. थेंबांची प्रभावी त्रिज्या, म्हणजे एक प्रकारची सरासरी त्रिज्या, साधारण १४ मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आसपास पोचली की थेंब एकमेकांवर आदळून, मिसळून पाऊस धरू लागतो. त्यामुळे कुठल्या उंचीवर मोजायचं हे ठरतं आणि मग हिशेब मांडता येतो.

एका उड्डाणाचा हिशेब असा. ढगांच्या तळाखाली सरळ रेषेत दहा मिनिटं. वाढत्या ढगांच्या माथ्यातून पाच-सहा वेळा आरपार, वळणासकट प्रत्येकी पाच मिनिटं. शेवटी २०,००० फुटांवरून ३,००० फुटांपर्यंत मिनिटाला १,००० फूट या वेगाने चकरा मारत उतरणं, म्हणजे १७ मिनिटं. जाण्या-येण्याला एक तास. नेमका ढग शोधण्यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. एकूण अडीच तास. अशी १५ उड्डाणं म्हणजे साडेसदतीस तास, चाचणी उड्डाणांचे ४, विमान आणणं-नेणं ५, आणि वर सात-आठ तासांची शिल्लक. करार ५५ तासांचा करा. शिल्लक काढून टाकून अंदाजपत्रक ‘बसवलं’ की शेवटच्या आठवड्यात सगळ्यांत चांगले ढग येतात आणि तास संपलेले असतात.

पंधरा उड्डाणांना पंधरा दिवस पुरतात असं धरून चालू नका. मराठवाड्यात झड लागली की आकाशभर थर पसरतो, सुटा ढग सापडत नाही. पावसाने दडी मारली की नुसते चपटे ढग, त्यांना उंचीच नाही. कामाचे दिवस मिळतात ते झडीनंतरच्या उघडिपीत, जेव्हा जमिनीत ओल असते, ऊन पडतं आणि दुपारी सुटे ढग उभे राहतात. हे दिवस सलग येत नाहीत. जुलैअखेर ते सप्टेंबरचा मध्य असे किमान सहा आठवडे धरा, आणि वाट पाहण्याच्या दिवसांचा खर्च, म्हणजे विमानाचं रोजचं भाडं, वैमानिकांचा मुक्काम, गाड्या, पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात दाखवा. आमच्या मते नवख्या प्रस्तावांतली सगळ्यांत मोठी चूक हीच असते : उड्डाणांचे पैसे मागितलेले असतात, थांबण्याचे नाहीत.

तळ कुठला?

चिकलठाण्याची धावपट्टी साधारण २,८०० मीटर लांब, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,९०० फूट. नियमित प्रवासी उड्डाणं असल्याने इंधन, अग्निशमन, हवामान कार्यालय हाताशी आहे. नांदेड आणि लातूरच्या धावपट्ट्या याहून आखूड आहेत. तिथे इंधन, रात्रीचे दिवे, हँगर यांतलं काय चालू आहे याची विमानतळावर जाऊन, लेखी खात्री करून घ्या. फोनवरच्या ‘मिळून जाईल’वर विसंबू नका.

नकाशावर अंतर मोजा. संशोधन-विमान मोजमापाच्या वेळी साधारण सेकंदाला १०० मीटर जातं, म्हणजे तासाला ३६० किलोमीटर. चिकलठाण्याहून लातूर हवाई अंतराने सुमारे २०० किलोमीटर, नांदेड त्याहून थोडं पुढे. नुसतं जाऊन परत यायला तासाहून जास्त वेळ. तुमचं लक्ष लातूर-धाराशिवच्या ढगांवर असेल तर सोलापूरचा तळ जवळ पडतो. तिथून लातूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. जालना, परभणी, बीडचा उत्तर भाग यांना चिकलठाणा बरा.

विमानतळाचे कामाचे तास ठरलेले असतात. त्याबाहेर उतरायचं असेल तर मुदतवाढ आधी मागावी लागते आणि तिचे पैसे लागतात. दुपारचे ढग लांबले आणि विमान सूर्यास्तानंतर परतणार असेल, तर हा अर्ज त्या दिवशी सकाळीच गेलेला हवा.

बारा महिने आधी : परवानग्या

यंत्रं जुळवण्याआधी परवानग्यांना हात घाला. क्रम उलटा केला की यंत्रं तयार आणि विमान हँगरमध्ये, अशी गत होते. मुख्य परवानग्या या :

- विमानाच्या बाहेर हवा आत घेणारी एखादी नळी किंवा पंखाखाली प्रोब (थेंब-कण मोजणारं यंत्र) लावायचा तर त्या बदलाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता. विमान आधीपासून अशा कामासाठी बदललेलं असेल तर काम खूप हलकं होतं. म्हणून ‘प्रोब लावायच्या जागा मंजूर आहेत का’ हा भाड्याच्या बोलणीतला पहिला प्रश्न.
- हवाई सर्वेक्षण आणि छायाचित्रणाची परवानगी. खालच्या दिशेने एकही कॅमेरा असेल तर ही लागू होते. संरक्षण आणि गृह खात्यांकडे कागद फिरतो.
- परदेशी विमान, परदेशी शास्त्रज्ञ किंवा परदेशी यंत्रं असतील तर त्या-त्या खात्यांची सुरक्षा मंजुरी आणि संशोधनाचा व्हिसा. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला विमानात बसवू नका.
- विमानतळात ये-जा करायला प्रत्येकाचा प्रवेश-पास. पोलीस पडताळणीला आठवडे लागतात, त्यामुळे बदली माणसांची नावंही पहिल्याच यादीत घाला.
- कणांवरचा विद्युतभार काढणाऱ्या यंत्रात किरणोत्सारी स्रोत असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) परवानगी. क्ष-किरण वापरणाऱ्या यंत्राचेही नियम आहेत, ते विसरू नका.
- थुराया किंवा इरिडियमचे उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय आणता, बाळगता येत नाहीत. परदेशी पाहुण्यांना हे निघण्याआधीच लेखी कळवा. विमानतळावर जप्ती आणि पुढची चौकशी यांत माणूस अडकतो.

हवाई वाहतूक नियंत्रणाकडे आकाशाचा एक चौकोन मागायचा असतो : चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, खालची-वरची उंची, वेळ. प्रवासी विमानं या भागावरून जाताना ३०,००० फुटांच्या वर असतात, त्यामुळे २०,००० पर्यंतचा चौकोन तुलनेने सहज मिळतो. अडचण कडांना येते. पश्चिमेला शिर्डीची वाहतूक, अहिल्यानगरजवळ लष्कराचं केके रेंज हे गोळीबाराचं क्षेत्र. एकच मोठा चौकोन मागण्यापेक्षा तीन-चार लहान चौकोनांना नावं द्या आणि रोज त्यांतले एक-दोनच मागा. नियंत्रकाला ते सांभाळायला सोपं जातं आणि मंजुरी लवकर मिळते. मोहिमेआधी मुंबईच्या नियंत्रकांना प्रत्यक्ष भेटून उड्डाणाची आकृती कागदावर काढून दाखवा. ‘हे विमान एकाच ठिकाणी चकरा का मारतंय’ हा प्रश्न मग रेडिओवर येत नाही.

मोठी मंजुरी मिळाली तरी प्रत्येक उड्डाणाला उड्डाण-योजना, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक लागतोच. हे काम एका माणसाकडे ठेवा.

सहा महिने आधी : वजन, इंधन, वीज

हा भाग नीट समजून घ्या. मोहिमेतली निम्मी भांडणं इथे मिटतात.

भारतात अशा कामाला बीचक्राफ्ट बी-२०० हे दोन इंजिनांचं विमान पुष्कळदा वापरलं जातं. त्याचं उड्डाणावेळचं कमाल वजन ५,६७० किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर साधारण २,०५० लिटर, म्हणजे सुमारे १,६५० किलो इंधन. आता समजा, बदल केलेल्या विमानाचं रिकामं वजन ३,९०० किलो, दोन वैमानिक १६०, दोन शास्त्रज्ञ १६०, यंत्रं आणि रॅक ३५०. बेरीज ४,५७०. इंधनाला उरले १,१०० किलो. म्हणजे टाकी पूर्ण भरताच येत नाही.

त्या १,१०० मधून धावपट्टीपर्यंत जायला ४० वजा करा. पर्यायी विमानतळ गाठणं आणि तिथे अर्धा तास घिरट्या, यासाठी ३०० राखून ठेवा. उरले ७६०. पंखाखालच्या प्रोबमुळे हवेचा अडथळा वाढतो, खालच्या उंचीवर इंजिन जास्त पितं. ताशी २७० किलो धरले तर पावणेतीन तास. आपला अडीच तासांचा आराखडा यात कसाबसा बसतो. याच हिशेबाने ८० किलोचा तिसरा शास्त्रज्ञ घेतला की १८ मिनिटं गेली. ‘एक जण आणखी बसू दे’ ही विनंती आली की हा आकडा समोर ठेवा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या विमानाचे खरे आकडे वजनपत्रातून घ्या आणि प्रत्येक यंत्र केबल, नळ्या, स्क्रूसकट काट्यावर ठेवा. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं वजन केबलशिवायचं असतं.

उन्हाळ्यातल्या गारपिटीच्या ढगांसाठी मे महिन्यात उडणार असाल तर गरम हवेचा हिशेब वेगळा. १,९०० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. ४२ अंशांच्या दुपारी ते ३१ अंशांनी जास्त असतं, आणि दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर विमानाला ती धावपट्टी ५,६०० फुटांवर असल्यासारखी वाटते. लांब धावपट्टी असूनही चढण्याची क्षमता घटते. अशा दिवशी इंधन कमी घ्या किंवा उड्डाण उशिरा करा.

विजेचंही असंच. विमानात २८ व्होल्ट डीसी असते. संशोधनाला १०० अँपिअर मिळाले तर २,८०० वॅट. त्यातून इन्व्हर्टरची तूट जाते. पंप चालू होताना काही क्षण कितीतरी पट प्रवाह ओढतात, आणि प्रोबवरचं बर्फ वितळवणारे हीटर वेगळेच. यंत्रं एकदम नाही, ठरलेल्या क्रमाने चालू करायची आणि तो क्रम रॅकवर चिकटवायचा. जमिनीवरच्या विजेवरून इंजिनाच्या जनित्रावर येताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि संगणक बंद होतो. रॅकमध्ये छोटा यूपीएस ठेवला की हा त्रास जातो.

तीन महिने आधी : सामान

परदेशातून येणाऱ्या यंत्रांची यादी अनुक्रमांकांसकट करा आणि प्रत्येक पेटीवर तोच क्रमांक टाका. यादीत एक आकडा चुकला तर सीमाशुल्कात पेटी अडते, आणि जिच्यात छोटा पण अत्यावश्यक भाग आहे नेमकी तीच अडली तर सगळं काम थांबतं. एटीए कार्नेटवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरतं सामान आणण्याच्या कागदावर, आणलं असेल तर परत नेण्याची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहा.

कणांवर वाफ धरवून ते मोजणाऱ्या सीपीसी या यंत्राला ब्युटेनॉल हा द्रव लागतो. ते ज्वलनशील, धोकादायक मालाच्या यादीतलं, तिथला त्याचा क्रमांक यूएन ११२०. ते यंत्रात भरून किंवा प्रवाशाच्या सामानातून विमानाने नेता येत नाही. मुंबई-पुण्याच्या रसायन विक्रेत्याकडून रस्त्याने मागवा. प्रमाणित वायूंचे सिलिंडर मागवायला दोन-तीन महिने लागतात. नायट्रोजन, हेलियमसाठी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींत पुरवठादार शोधा. द्रव नायट्रोजन कमी पडला तर पशुसंवर्धन विभागाची यंत्रणा आठवा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्हाभर नियमित फिरत असतो, तिथून किमान पुरवठादाराचा पत्ता मिळतो.

हँगरमध्ये स्वतःचं जनित्र आणि स्टॅबिलायझर ठेवा. विमान उन्हात उभं असताना आतलं तापमान पन्नाशीच्या पुढे जातं आणि लेझरची यंत्रं वेडीवाकडी वागतात, त्यामुळे जमिनीवर चालणारा वातानुकूलक भाड्याने घ्याच. राहण्याची सोय ठरवताना गणेशोत्सव पाहा. आणि १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, लाल शाईने खुणा करा. ध्वजारोहणाला मुख्यमंत्री शहरात येतात, विमानतळावर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची ये-जा असते. त्या दिवशी सुट्टी जाहीर करून टाकणं उत्तम.

मोहिमेचा दिवस

आदल्या संध्याकाळी ६ वाजता हवामानाची बैठक : उद्या उडायचं, थांबायचं की सावध राहायचं. सकाळी ८ ला उपग्रह-चित्रं, ५:३० च्या बलूनचं निरीक्षण आणि रडार पाहून पक्का निर्णय. या सकाळच्या बैठकीला वैमानिकांना बोलावू नका. त्यांचे ड्यूटीचे तास हजर झाल्यापासून मोजले जातात. सकाळी ८ ला बसवलं तर दुपारचं उड्डाण लांबल्यावर तेच तास कमी पडतात. त्यांना फोनवर कळवा आणि ११:३० ला बोलवा.

१०:३० ला यंत्रांना वीज, कारण काहींना स्थिर व्हायला दोन तास लागतात. नळीच्या तोंडाशी गाळणी लावून कणांची संख्या शून्य येते का पाहा. येत नसेल तर नळी कुठेतरी गळते आहे, आणि केबिनमधली हवाच तुम्ही आकाशातली म्हणून मोजणार आहात. १२:३० ला नळ्या-प्रोबवरून काढलेल्या सगळ्या झाकणांची मोजणी, १:३० ला उड्डाण.

हवेत कोणता ढग निवडायचा हे शास्त्रज्ञ सुचवतो, जायचं की नाही हे मुख्य वैमानिक ठरवतो. त्याच्या ‘नाही’वर हवेत चर्चा करायची नाही. नवा, वाढता, फुलकोबीसारखा कडक कडांचा माथा निवडा आणि त्याच्या तीनशे मीटर खालून आरपार जा. रडारवर परावर्तकता, म्हणजे ढगावरून परत येणाऱ्या लहरींचं बळ, ३५-४० डीबीझेडच्या (तिचं एकक) वर गेलेल्या ढगात शिरू नका. तीव्र गडगडाटी ढगापासून २० सागरी मैल दूर राहा. जायकवाडीचं पाणी मोजमापाला सपाट, सोयीचं वाटतं, पण नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. तिथे कमी उंचीवरून उडणं पक्ष्यांसाठीही वाईट आणि इंजिनासाठीही.

सहा दिवसांत एक दिवस पूर्ण सुट्टी, ढग कितीही चांगले असले तरी. दमलेला माणूस झाकण काढायला विसरतो.

काय बिघडतं

पावसाळ्यात कुंभारीण माशी दोन-तीन दिवस उघड्या राहिलेल्या नळीत ओल्या मातीचं घर बांधते. वेगमापक नळी किंवा हवेची नळी बाहेरून ठीक दिसते, आत बोटभर आतवर माती घट्ट बसलेली असते. वेग चुकीचा दाखवला गेला तर हा जिवाशी खेळ आहे. लाल पट्ट्यांची झाकणं विमान थांबल्यावर पाच मिनिटांत लागली पाहिजेत, आणि उड्डाणापूर्वी टॉर्चने आत पाहायचं.

रात्री हँगरच्या दिव्यांवर येणारे किडे प्रोबच्या काचांवर चिकटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद वापरा, शर्टाची बाही नाही. थंड उंचीवरून दमट हवेत झपाट्याने उतरलं की त्याच काचांवर वाफ धरते आणि काही मिनिटं आकडे खोटे येतात. उतरताना घेतलेल्या नोंदी म्हणूनच वेगळ्या खुणेने ठेवा. सीपीसीमधलं ब्युटेनॉल विमान ने-आण करताना सांडून प्रकाश-कक्षात शिरतं, ते आधी रिकामं करा.

घड्याळं हे आणखी एक दुखणं. सगळी यंत्रं जीपीएसच्या वेळेवर, जागतिक वेळेत ठेवा. दुपारी १:३० चं उड्डाण नोंदीत ०८:०० असेल. एक यंत्र भारतीय वेळेवर राहिलं तर साडेपाच तासांचा फरक लगेच दिसतो. तीन सेकंदांचा फरक दिसत नाही, आणि तेवढ्यात विमान तीनशे मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे छोट्या ढगाच्या बाहेर.

उतरल्यावर त्याच रात्री माहितीच्या तीन प्रती : एक हँगरमध्ये, एक मुक्कामी, एक संस्थेच्या सर्व्हरवर. प्रती होईपर्यंत यंत्रातली मूळ माहिती पुसायची नाही.

गावांना सांगा

याला अनेक चमू शेवटचं स्थान देतात, आम्ही ते परवानग्यांच्या जोडीला ठेवतो. सोयाबीन, कापूस पाण्याला आलेला, आकाशात ढग, आणि एक विमान त्या ढगांत शिरून चकरा मारतं. त्यानंतर पाऊस आला नाही तर ‘विमानाने ढग पळवले’ अशी शंका शेतकऱ्याच्या मनात येणं स्वाभाविक आहे. ज्याचं वर्ष त्या पावसावर आहे त्याला उत्तर मिळालंच पाहिजे.

मोहिमेच्या पंधरा दिवस आधी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पत्र द्या, त्यांच्यामार्फत तहसीलदार आणि पोलीस पाटलांपर्यंत माहिती पोचू द्या. एका पानाचं साधं मराठी पत्रक करा : विमानाचा रंग, उडण्याचा काळ, कुठले तालुके, काय मोजतो. ‘हे विमान पाऊस पाडत नाही आणि थांबवतही नाही, फक्त मोजतं’ हे वाक्य ठळक अक्षरांत. मोहिमेत खरोखरच बीजारोपणाच्या फ्लेअर (कृत्रिम पावसासाठी ढगात कण सोडणाऱ्या नळकांड्या) असतील तर तेही स्पष्ट लिहा, लपवू नका. एक फोन क्रमांक द्या आणि तो उचलणारा माणूस मराठी बोलणारा, ढगांचं ज्ञान असलेला ठेवा. कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या जाणकारांना आधी भेटलात तर शेतकऱ्यांचे प्रश्न काय येतील हे कळतं. जमलं तर एखाद्या गावच्या शाळेतल्या मुलांना हँगरमध्ये आणून प्रोब दाखवा. विमानतळाची परवानगी मात्र महिनाभर आधी मागा.

मोहीम संपल्यावर विमान निघायच्या आधी वजनपत्र, इंधनाच्या पावत्या, सिलिंडरच्या परतीच्या नोंदी आणि प्रवेश-पास गोळा करा. पास परत न दिल्यास पुढच्या वर्षी त्याच माणसाचा अर्ज अडतो.